आबांच्या ट्रंकेतली पत्ती : जुन्या ब्लेडची पार्श्वभूमी

आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, चष्म्याच्या रिकाम्या घराशेजारी, ब्लेडची तीन पाकिटं निघाली. निळं वेष्टन, त्यावर मिशीवाल्या माणसाचा चेहरा आणि त्याची सही. आतला मेणकागद उलगडला तर पोलाद अजून चकाकत होतं, फक्त एका कोपऱ्यावर तांबूस ठिपका. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं अशी पाकिटं जळगाव-धुळ्याच्या भंगारवाल्यांकडे मुद्दाम शोधतात आणि त्यांतल्या ब्लेडने दाढी करतात. हात लावण्याआधी ही पत्ती कुठून आली, कशाची आहे, हे ठाऊक असलेलं बरं.

तिच्याआधी दाढी ही घरात करायची गोष्टच नव्हती. न्हावी धोकटी घेऊन ओट्यावर यायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, पाण्याची वाटी, तुरटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. मोबदला बलुत्याचा, खळ्यावर ज्वारीची रास पडली की. वार-तिथी पाळूनच दाढी व्हायची; शनिवारी नाही, अमावास्येला नाही. वस्तऱ्याचं पोलाद जाड, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा धार लावता यायची. एक चांगला वस्तरा बापाकडून लेकाकडे जाई.

हा हिशेब मोडला तो पाकिटावरच्या त्याच मिशीवाल्याने, किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याने. पातळ पट्टीला दोन्ही कडांना धार द्यायची आणि बोथट झाली की फेकून द्यायची, ही कल्पना त्याला 1895 मध्ये सुचली. सुचणं सोपं होतं, करणं अवघड. पोलादाला पाणी द्यायचं म्हणजे तापवून एकदम थंड करायचं, आणि इतकी पातळ पट्टी त्यात वाकडीतिकडी होते. जाणकारांनी हे होणार नाही असंच सांगितलं होतं. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवलं. या गोष्टीतला खरा कारागीर तोच, असं मला वाटतं. वेष्टनावर मात्र त्याचा चेहरा नाही. 1903 मध्ये वर्षभरात विकली गेली 51 रेझर आणि 168 ब्लेड. 1904 मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी लाखो रेझर घेतले, आणि सैनिक घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन.

आपल्याकडे ती सवय रुजायला वेळ लागला. वेळेवर ड्युटीला जायचं तर न्हाव्याच्या वाराची वाट कोण पाहणार? आबा भुसावळला रेल्वेत होते. 1860 च्या दशकात भुसावळला रेल्वे आली आणि गावाचं जंक्शन झालं. पुढे अमळनेर, जळगावच्या गिरण्यांनीही घड्याळाप्रमाणे चालणारी माणसं तयार केली. रोख पगार, ठरलेली पाळी, भिंतीवर आरसा. असल्या घरांत रेझर शिरला. तरी जावळ, सुतक, लग्न यांसाठी न्हावीच लागायचा. ते मानाचं काम पत्तीने घेतलं नाही. खेडोपाडी तर ब्लेड सुटंच मिळायचं. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळीवर हात ठेवून "एक बिलेड दे रे भो" म्हणायचं, एवढीच खरेदी.

तेव्हाचं ब्लेड कार्बन पोलादाचं. धार फार गोड, पण ओलावा लागला की एका रात्रीत गंज. आबा दाढी झाल्यावर ब्लेड काढून धोतराच्या सोग्याने टिपायचे, मग कागदात गुंडाळायचे. बोथट झालं की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला, बोटाने दाबून, पुढे-मागे घासायचे. तो बारीक करकर आवाज मला अजून आठवतो. त्याने त्याच ब्लेडवर आणखी एखाद-दुसरी दाढी निघायची. ब्लेड सहसा फेकलं जात नसे: दाढीला निकामी झालं की शिवण उसवायला, मग पोरांच्या पेन्सिलीला.

खरा बदल 1962 चा. विल्किन्सन स्वोर्ड या इंग्रज कंपनीने स्टेनलेस पोलादाचं ब्लेड बाजारात आणलं. त्यात क्रोमियम, म्हणून गंज हळू. आणि कडेवर टेफ्लॉनसारखा पातळ लेप, म्हणून केसावर अडकत नाही. जिलेटलाही 1963 मध्ये मागोमाग यावं लागलं. आपल्या दुकानांत मल्होत्रा घराण्याच्या टोपाझसारखी देशी नावं होती. जिलेटने 1984 मध्ये इथे भागीदारीत कंपनी काढली, पण तेव्हाच्या सरकारी अटींमुळे स्वतःचं नाव न वापरता 'सेव्हन ओ'क्लॉक' या नावाने माल विकला.

सलूनमध्ये वस्तरा बराच काळ टिकला. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसताच "नवं ब्लेड टाका" म्हणू लागलं. कागदातलं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धी पत्ती बसवायच्या उस्तऱ्यात सरकवायची. सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुव्याकडे, ब्लेडने आणखी मोठं काम केलं. सुईणींना शिकवल्या गेलेल्या बाळंतपणाच्या पाच स्वच्छतांत एक होती स्वच्छ, नवं ब्लेड: नाळ कापायला. या छोट्या पोलादाचं सगळ्यात मोलाचं काम मला ते वाटतं.

आता ट्रंकेतली पत्ती. जिलेटच्या ब्लेडला तीन गोल भोकं असतील तर ती साधारण 1930 च्या आधीची; मधोमध लांब चीर असेल तर नंतरची. वेष्टनावर 'स्टेनलेस' छापलं असेल तर बहुधा 1962 नंतरची, आणि वापरून पाहायला तीच बरी. नसेल तर ती कार्बनची धरा. आपला कोरडा उन्हाळा पोलादाला मानवतो, म्हणून बंद डबीतलं ब्लेड वर्षानुवर्षं शाबूत राहू शकतं. पावसाळ्यात उघडून ठेवलं की संपलं. पाकीट आधी उघडलेलं असेल तर ते कुणाच्या गालावरून फिरलंय कोण जाणे, ते वापरूच नका. बंद असेल तर उजेडात धरून कडा पाहा. गंजाचा ठिपका धारेवर असेल तर पत्ती बाजूला ठेवा, कितीही जुनी आणि देखणी असली तरी. धार कापसाच्या धाग्यावर तपासा, बोटावर नाही.

आबांच्या तीनपैकी दोन पाकिटं मी उघडली नाहीत. तिसऱ्यातली एक पत्ती, ठिपका नसलेली, परवा त्यांच्याच रेझरमध्ये लावली. पहिला हात गालावरून गुळगुळीत गेला. दुसऱ्या दिवशीच्या दाढीला ती अडकायला लागली. मग पेला घेतला.