कलिया, वाइन आणि तोंडातला जाळ

वैशाखातली रात्र. संभाजीनगरला मित्राच्या गच्चीवर आम्ही चौदा जण जमलो होतो. पाच बाटल्या वाटून चाखायच्या, सोबत नान-कलिया, म्हणजे नान आणि मटणाचा तिखट रस्सा. चौथी बाटली तगड्या लाल वाइनची होती. तिचा घोट घेतला आणि जवळपास सगळ्यांचंच तोंड पोळलं. कलिया तर नेहमीइतकाच तिखट होता!

तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. तापमान ४२-४३ अंशांपलीकडे गेलं की ते ‘पोळतंय’ असा निरोप मेंदूला धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच प्रथिन चेतवतं, म्हणून तिखट खाल्लं की जाळ होतो. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते ओळखलं; २०२१च्या नोबेलचे ते एक मानकरी. पुढे २००२ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. अल्कोहोलमुळे हा उंबरठा ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास उतरतो. आपलं तोंड एरवीही त्याहून गरमच असतं. मिरचीने आधीच तापलेल्या जिभेवर कडक वाइन म्हणजे आगीत तेल.

त्यात लाल वाइनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, तोंडातलं वंगण जातं आणि कच्चा पेरू खाल्ल्यासारखं तोंड आवळतं.

आमची दुसरी चूक उन्हाळ्याची. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे वैशाखात रात्रीही गच्ची तापलेली. कोमट वाइनमधून अल्कोहोलच आधी नाकात शिरतं आणि फळाचा वास दबून जातो. आता आम्ही बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालतो. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे फ्रिजच्या आधी बादलीत बाटली गार होते.

वाटणीचा हिशेबही आधी करावा. ७५० मिलीची बाटली चौदा जणांत ५० मिलीप्रमाणे नीट पुरते, पण मापानेच ओतली तर. अंदाजाने ओतली की शेवटच्या माणसाच्या वाट्याला गाळ येतो. आणि पाच वाइनचे २५० मिली म्हणजे माणशी बाटलीचा तिसरा हिस्सा. थुंकायला भांडं ठेवावं आणि प्यायलेल्याने गाडीला हात लावू नये.

नाव दिसू नये म्हणून बाटल्यांना कागद गुंडाळायचा आणि आपापलं मत आधी वहीत लिहायचं, मगच बोलायचं. फ्रान्समधल्या बोर्दोत ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली छापून आलेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. डोळा नाकाला इतका फसवतो, तर शेजाऱ्याचा ठाम आवाज किती फसवत असेल!

पुढच्या बैठकीत आम्ही आधी पाचही वाइन चाखल्या, मधे नुसती ज्वारीची भाकरी आणि पाणी. कलिया नंतर वाढला. त्याच्यासोबत फक्त गार, कमी अल्कोहोलची, किंचित गोड पांढरी वाइन, आणि प्रत्येकाच्या ताटात दह्याची वाटी. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून जिभेवरून खाली नेतं. त्या रात्री बाटलीच्या तळाशी काही उरलं नाही आणि तोंड पोळल्याची तक्रारही कुणी केली नाही.