ब्रिटनमध्ये दात्याची माहिती मागताना: स्वतःच्या जन्मतारखेवर विसंबू नका

दान केलेले वीर्य, स्त्रीबीज किंवा भ्रूण वापरून ब्रिटनमधल्या परवानाधारक क्लिनिकमध्ये उपचार झाले असतील, तर त्याची नोंद एचएफईए या नियामक संस्थेकडे असते, आणि अशा दानातून जन्मलेल्यांना दात्याची माहिती तिथेच अर्ज करून मागता येते. ही नोंदवही १ ऑगस्ट १९९१ पासूनची आहे. त्याआधीचे उपचार, परदेशात घेतलेले उपचार किंवा क्लिनिकला वगळून परस्पर ठरवलेले दान यांची नोंद तिथे सापडणार नाही.

आता सगळ्यात मोठा घोळ. १ एप्रिल २००५ ला दात्याची निनावी राहण्याची मुभा संपली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून ‘माझा जन्म २००६ चा, म्हणजे नाव मिळणारच’ असा हिशेब केला जातो आणि तिथेच फसगत होते. जन्मतारखेपेक्षा इथे दात्याची नोंद कधीची आणि कोणत्या अटीवर झाली, हे पाहतात. आधीच साठवलेले निनावी दान काही काळ, ३१ मार्च २००६ पर्यंत, वापरायला परवानगी होती. आधी तयार करून गोठवलेल्या भ्रूणांतून भावंडे तर त्यानंतरही जन्मली. तेव्हा नाव मिळणारच असे अर्ज करण्याआधीच मनात धरून बसू नका, नाहीतर नकाराचे उत्तर मनाला फार लागते.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १९९१ ते २००५ मधला निनावी दाता स्वतःहून पुढे येऊन ओळख खुली करू शकतो. आज नाही मिळाले म्हणून कायमचे नाही असे समजू नका. काही वर्षांनी पुन्हा विचारा.

वयाचे दोन टप्पे आहेत. १६ पूर्ण झाले की ओळख न उघडणारी माहिती मागता येते: उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, जन्मवर्ष, वंश, वैद्यकीय इतिहास, दात्याने लिहून ठेवला असेल तर संदेश. त्याच दात्यापासून जन्मलेली भावंडे किती, मुलगे की मुली, कोणत्या सालची, हेही कळते. नाव, जन्मतारीख आणि शेवटचा ज्ञात पत्ता १८ पूर्ण झाल्यावरच. एक आठवडा आधीही नाही. मूल १६ च्या आत असेल तर पहिल्या प्रकारची माहिती पालक मागू शकतात, आणि त्यांनी ती जरूर मागावी. पालक आणि दाता यांची इच्छा असेल तर दात्याची ओळख जन्मापासूनच मिळू शकावी, अशी शिफारस खुद्द एचएफईएने २०२३ मध्ये केली. आमच्याही मते १८ वर्षे वाट पाहायला लावणे अन्यायाचे आहे, पण अर्ज आजच्या नियमानेच करावा लागतो.

अर्जाला शुल्क नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, दोन्हींवर नाव एकसारखे असू द्या.

खरी अडचण येते ती आईच्या नावाची. जन्मदाखल्यावर दानाचा उल्लेख नसतो, क्लिनिकची कागदपत्रे घरात कुणी जपलेली नसतात. नोंद जुळवायला उपयोगी पडते ते आईचे उपचाराच्या वेळचे नाव. उपचार माहेरच्या नावाने झाले आणि अर्जात सासरचे लिहिले, किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलले, की शोध अडतो. आईची आजवरची सगळी नावे, तिची जन्मतारीख, क्लिनिकचे नाव आणि उपचाराचे साल आधी तिच्याकडून लिहून घ्या. पालकांनो, ही चिठ्ठी आजच जन्मदाखल्याच्या पाकिटात ठेवा.

मिळालेला पत्ता जुना असू शकतो, कारण दात्याने कळवला तेवढाच तो ताजा. शिवाय संपर्क ठेवण्याची सक्ती दात्यावर नाही. म्हणून पहिले पत्र लिहिण्याआधी एकदा तरी समुपदेशकाशी बोला.

भावंडांची नावे या अर्जात मिळत नाहीत. त्यासाठी १८ नंतर ‘डोनर सिब्लिंग लिंक’ या, एकाच दात्याच्या भावंडांना जोडणाऱ्या एचएफईएच्या सेवेत वेगळी नोंदणी करावी लागते, आणि समोरच्या भावंडानेही ती केलेली असावी लागते.