भाट, खाण आणि प्लॉट : गोव्यातील विषमतेची पार्श्वभूमी

गोव्यातील संपत्तीच्या विषमतेची चर्चा आज बहुधा किनाऱ्यावरचे बंगले आणि प्लॉटचे भाव यांपासून सुरू होते. तिचे मूळ मात्र माडांच्या भाटात, म्हणजे बागायतीत आहे. ज्याच्या नावावर भाट तो भाटकार, आणि त्याच्या परवानगीने त्यात घर बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराने माडांची राखण करायची, भाटकाराकडून हाक आली की कामाला जायचे आणि त्या बदल्यात घर टिकवायचे, असा हा व्यवहार होता. भिंती एकाच्या, खालची जमीन दुसऱ्याची. त्यामुळे तंटा कशावरूनही होवो, घर जाण्याची भीती मुंडकारालाच असे.

त्याहून जुनी गांवकारी ही गावच्या जमिनीच्या सामूहिक मालकीची व्यवस्था म्हणून गौरवली जाते, आणि खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांचे) बांध व मानशी, म्हणजे पाण्याची दारे, तिने ज्या निगुतीने राखल्या ते पाहता हा गौरव अस्थानी नाही. अफोंसो मेशिया यांच्या 1526 च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेमध्ये, पोर्तुगीज सत्तेने या गावांचे रिवाज लिहून घेतले. मात्र उत्पन्नाचा वाटा, म्हणजे जोण, प्रामुख्याने गांवकारांच्या वंशातील पुरुषांनाच मिळे. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राबणारी इतर कुटुंबे त्या हिशेबात नव्हती. पुढे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने पत्नीला संपत्तीत अर्धा वाटा आणि मुलामुलींना समान हिस्सा दिला, पण ही समता वाटण्याजोगे काही असलेल्या घरांपुरतीच राहिली.

मुक्तीनंतर डिसेंबर 1963 मध्ये पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे सरकार आले ते कुळे, मुंडकार आणि एकूणच बहुजन समाजाच्या मतांवर. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि खंडाला मर्यादा घातली. 1975 च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावण्यास आळा घालून घराखालची जमीन विकत घेण्याची वाट मोकळी केली. आणि बांदोडकरांच्या कन्या व नंतरच्या मुख्यमंत्री शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत झालेल्या कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने 20 एप्रिल 1976 पासून कसणाऱ्या कुळालाच जमिनीचा खरेदीदार मानले. जमीनमालक न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवीपर्यंत 1990 साल उजाडले. त्यानंतरही हक्क सिद्ध करण्यासाठी मामलेदाराच्या कचेरीत खेपा घालणे आलेच, कारण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कुळाचे नाव लागलेले नसेल तर कायद्याचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे : शेत कसणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत संपत्तीने शेत सोडले होते. पोर्तुगीज काळात खाणींच्या सवलती, म्हणजे खनिज काढण्याचे हक्क, मोजक्या घराण्यांच्या हाती गेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात वाढली तेव्हा गोव्यातला खरा पैसा माडापेक्षा मातीखालून येऊ लागला. बांदोडकर स्वतः खाणमालक होते, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कायद्यांनी खाणींच्या सवलतींना हात लावला नाही. त्या रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा 1987 मध्ये झाला, तोही संसदेचा, आणि पट्टे बहुतांशी जुन्याच हातांत राहिले. खनिज ही जनतेची ठेव आहे आणि तिच्यात पुढच्या पिढ्यांचाही वाटा आहे, हा विचार व्यवहारात उतरला तो 21 एप्रिल 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने : विकल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या किमतीतील 10 टक्के रक्कम गोव्याच्या कायम निधीत ठेवण्याचा आदेश त्यात आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली तेव्हा ट्रक आणि बार्जवर कर्ज काढलेली कुटुंबे आधी कोलमडली; पट्टेधारकांची संपत्ती तोवर इतर धंद्यांत पसरली होती.

आता पाळी प्लॉटची आहे. नगर व ग्राम नियोजन कायद्यात 2023 मध्ये 17(2) आणि 2024 मध्ये 39अ ही कलमे घालून जमिनीचा विभाग (म्हणजे शेती, वस्ती असा ठरवून दिलेला वापर) बदलण्याची सोय करण्यात आली. 17(2) खालील नियम मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. कुळाचे स्थान येथे फारच चमत्कारिक आहे. शेते टिकावीत या रास्त हेतूने झालेल्या 1991 च्या भू-वापर नियमन कायद्यानुसार, कूळ कायद्याखाली मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. शेजारची बागायत, जी कधी कुळाकडे नव्हती, तिचा विभाग बदलून भाव वाढू शकतो. कुळाचे शेत मात्र शेतच राहते.