तेच स्थानक, तोच ऋतू : भूखंडमंचावरील संशोधन फेऱ्यांची पार्श्वभूमी

भूखंडमंचावरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरच्या, पाण्याची ऋतुनिहाय पाहणी करण्यासाठी निघणाऱ्या संशोधन जहाजाचा आराखडा प्रथम पाहणाऱ्याला त्यात एक नकाशा दिसतो. किनाऱ्याला काटकोनात खोल पाण्याकडे जाणाऱ्या काही रेषा, त्या रेषांवर ठरावीक अंतराने मांडलेली स्थानके, म्हणजे जहाजाने थांबून मोजणी करायची ठिकाणे, आणि प्रत्येक स्थानकापुढे लिहिलेली खोली व तिथे करावयाची कामे. ही स्थानके इथेच का, फेरी याच महिन्यांत का, आणि जाळे अमुकच खोलीपर्यंत का सोडायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या आराखड्यात लिहिलेली नसतात. त्यांतील बरीचशी उत्तरे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांत आहेत. ते निर्णय माहीत नसलेला नियोजक आराखडा सोपा करण्याच्या भरात नेमकी मोलाची गोष्ट वगळण्याची शक्यता फार असते, म्हणून ही पार्श्वभूमी मांडणे आवश्यक वाटते.

आधुनिक सागरविज्ञानाचा आरंभ सहसा ‘चॅलेंजर’च्या सफरीपासून मानतात. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परतले. त्याने सुमारे ६९ हजार सागरी मैलांचा प्रवास केला आणि साडेतीनशेहून अधिक स्थानकांवर नमुने घेतले. त्या सफरीचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिचा भर खोल महासागरावर होता, आणि बहुतेक ठिकाणी जहाज एकदाच थांबले. तीन-चार हजार मीटर खोलीवरचे पाणी वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, तेव्हा तिथे एका मोजणीतूनही पुष्कळ कळते. किनाऱ्यापासून सरासरी १३० मीटर खोलीपर्यंत पसरलेल्या भूखंडमंचाची गोष्ट वेगळी आहे. तिथे हिवाळ्यात वाऱ्याने पाणी तळापर्यंत घुसळले जाते, उन्हाळ्यात वर गरम व हलक्या पाण्याचा थर बसतो, नद्यांचे गोडे पाणी येते, भरती-ओहोटीचे प्रवाह तळाला घासतात आणि भूखंडमंचाच्या कडेवरून बाहेरचे पाणी आत शिरते. अशा ठिकाणी एकदा केलेली मोजणी त्या दिवसापुरतीच खरी असते.

हे प्रथम स्पष्टपणे जाणवले ते मासेमारीच्या प्रश्नामुळे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हेरिंग माशांचे प्रचंड थवे काही दशके येत आणि मग काही दशके दिसेनासे होत. १८७७ च्या हिवाळ्यात सुमारे सात दशकांनंतर ते परत आले, तेव्हा गुस्ताफ एकमान आणि नंतर ऑटो पेटर्सन यांनी स्कागेराक सामुद्रधुनीतील पाण्याचे थर तपासायला सुरुवात केली. हेरिंगचे येणे-जाणे विशिष्ट तापमानाच्या व क्षारतेच्या पाण्याशी जोडलेले आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्याबरोबर एक अडचणही कळली : एक जहाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचे पाणी बदललेले असे. म्हणून त्यांनी अनेक बोटी एकाच वेळी निरनिराळ्या रेषांवर पाठवल्या. पाहणी एकसमयी असावी, हा आजच्या प्रत्येक फेरीच्या मुळाशी असलेला आग्रह तिथून आला.

१८९९ मध्ये स्टॉकहोमला आणि १९०१ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोला, उत्तर युरोपातील देशांच्या परिषदा भरल्या आणि १९०२ मध्ये कोपनहेगन येथे समुद्रसंशोधनासाठी आंतरराष्ट्रीय परिषदेची स्थापना झाली. स्टॉकहोमच्या कार्यक्रमात सहभागी देशांनी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या चार महिन्यांत ठरलेल्या रेषांवर फेऱ्या कराव्यात, असे ठरले होते. समशीतोष्ण समुद्रात या निवडीला पक्का आधार आहे. फेब्रुवारीत पाणी वरपासून खालपर्यंत मिसळलेले असते आणि वनस्पतिप्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनी, अजून नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये वापरलेली नसतात, त्यामुळे वर्षाचे भांडवल मोजायची ती वेळ होय. मे महिन्यात ते भांडवल कसे खर्च झाले ते दिसते, ऑगस्टमध्ये थरांची विभागणी सर्वांत तीव्र असते आणि नोव्हेंबरात ती मोडू लागते.

त्याच काळात मार्टिन क्नुडसेन यांनी केलेले काम माझ्या मते परिषदांच्या ठरावांइतकेच महत्त्वाचे होते. निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी काढलेली क्षारता एकमेकींशी ताडून पाहता आली नाही, तर एकाच वेळी निघालेल्या जहाजांचा उपयोग काय? क्नुडसेन यांनी १९०१ मध्ये क्लोराइडच्या अनुमापनावरून, म्हणजे त्याचे प्रमाण रासायनिक रीतीने मोजून, क्षारता व घनता काढण्याची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि काचेच्या कुप्यांत बंद केलेले प्रमाणित समुद्रजल कोपनहेगनहून सर्वांना मिळू लागले. आजही क्षारतामापक वापरणारी प्रत्येक फेरी अशा प्रमाणित पाण्याच्या बाटल्या बरोबर नेते. ऑक्सिजन मोजण्याची विंकलर यांची १८८८ ची रासायनिक पद्धतही अजून जहाजांवर वापरात आहे, आणि इलेक्ट्रॉनिक संवेदकांचे अंशशोधन, म्हणजे त्यांचे आकडे ताडून दुरुस्त करणे, तिच्याच आधारे होते.

या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून निघालेल्या स्थानकांपैकी एकाचा इतिहास नियोजकाने आवर्जून वाचावा. इंग्लिश खाडीच्या पश्चिम भागात, प्लिमथच्या नैर्ऋत्येला ‘ई१’ नावाचे स्थानक आहे. तिथली मोजणी १९०३ मध्ये सुरू झाली. दोन्ही महायुद्धांत ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मात्र पैसे आटले आणि २००२ पर्यंत खंड पडला. उत्तर युरोपाच्या भूखंडमंचावरचे पाणी झपाट्याने तापू लागले ते याच सुमारास. जवळच्या दुसऱ्या स्थानकावर १९८८ पासून साप्ताहिक मोजणी होत राहिल्यामुळे काही दुवा उरला. तरी शंभर वर्षांची मालिका ज्या काळासाठी सर्वांत उपयोगी पडली असती, तिथेच ती कोरी आहे.

अटलांटिकच्या पलीकडे १९१२ मध्ये हेन्री बिगेलो यांनी ‘ग्रॅम्पस’ या शिडाच्या जहाजावरून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखाताची पाहणी सुरू केली. पुढची अनेक वर्षे वेगवेगळ्या ऋतूंत तिथे जाऊन त्यांनी मासे, प्लवक आणि पाण्याचे भौतिक गुणधर्म यांवर जी विस्तृत लेखमाला १९२० च्या दशकात पूर्ण केली, ती त्या आखाताचा पहिला एकसंध हिशेब होती. जीवशास्त्र, रसायन आणि प्रवाह एकाच फेरीत, एकाच स्थानकावर मोजायचे, ही आज गृहीत धरली जाणारी रीत त्या कामात ठळकपणे दिसते.

कॅलिफोर्नियाचा अनुभव अधिक बोलका आहे. १९३० च्या दशकात तिथे सार्डिनची मासेमारी लाखो टनांवर गेली होती. १९४० च्या दशकात ती कोसळली. अतिमासेमारी झाली की समुद्र बदलला, या वादाचा निकाल लावण्यासाठी सरकारी संस्था व स्क्रिप्स ही समुद्रविज्ञान संस्था यांनी मिळून १९४९ मध्ये नियमित फेऱ्या सुरू केल्या. रेषा ४० सागरी मैलांच्या अंतराने आखल्या आणि सुरुवातीच्या वर्षांत जवळपास दरमहा जहाज निघे. माशांची अंडी व पिल्ले, प्राणिप्लवक (पाण्याबरोबर वाहणारे लहान प्राणी), तापमान, क्षारता आणि ऑक्सिजन यांची नोंद एकत्र होत असे. पुढे खर्चाचा प्रश्न आला आणि १९६९ ते १९८४ या काळात फेऱ्या दर तिसऱ्या वर्षी करण्याचे ठरले. उत्तर पॅसिफिकचे हवामान एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेले ते १९७६-७७ मध्ये, आणि ती दोन्ही वर्षे फेरीविना गेली. १९८२-८३ चा तीव्र एल निनो, म्हणजे पॅसिफिकचे पाणी असाधारण तापण्याची घटना, हीही अशीच दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात येऊन गेली. त्यानंतर वर्षातून चार फेऱ्यांचा नेम बसवण्यात आला.

इतके खंड पडूनही त्या रेषांनी जे दाखवले ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दिसले नसते. १९९५ मध्ये रोमिक आणि मॅकगोवन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाजवळच्या नोंदी एकत्र करून सांगितले, की १९५१ पासून तिथल्या मोठ्या प्राणिप्लवकांचे जैववस्तुमान, म्हणजे एकूण वजन, ८० टक्क्यांनी घटले आणि पृष्ठभागाचे पाणी काही ठिकाणी दीड अंश सेल्सिअसहून अधिक तापले. हा निष्कर्ष काढता आला, कारण चार दशके तीच स्थानके शक्य तितक्या त्याच पद्धतीने मोजली गेली होती.

स्थानके स्थिर ठेवावीत की प्रत्येक फेरीत नव्याने निवडावीत, याबद्दल मात्र एकमत झालेले नाही. अमेरिकेच्या ईशान्य भूखंडमंचावर १९६३ पासून शरद ऋतूत होणाऱ्या ट्रॉल जाळ्याच्या, म्हणजे जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या, पाहणीत खोली व प्रदेशानुसार समुद्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागात यादृच्छिक पद्धतीने स्थानके निवडली जातात. संपूर्ण प्रदेशाची सरासरी काढायला ती पद्धत निर्दोष आहे. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर १९९८ मध्ये सुरू झालेल्या पाहणी कार्यक्रमाने मात्र ठरलेल्या रेषा व काही कायमची स्थानके निवडली. त्यांपैकी न्यूफाउंडलंडजवळच्या १७६ मीटर खोल ‘स्थानक २७’च्या नोंदी १९४६ पासूनच्या आहेत. मला स्थिर रेषेची बाजू अधिक पटते. भूखंडमंचावरचे प्रवाह आणि वेगवेगळ्या गुणधर्मांच्या पाण्यांमधल्या सीमा किनाऱ्याला साधारण समांतर धावतात. त्यांना छेदणारी एकच रेषा वर्षानुवर्षे मोजली, तर सीमा कुठे सरकली ते थेट दिसते.

‘ऋतुनिहाय’ या शब्दाचा अर्थही समुद्रागणिक बदलतो, आणि स्टॉकहोमचे चार महिने सगळीकडे उचलून लावता येत नाहीत. अरबी समुद्राच्या पूर्व भूखंडमंचावर वर्षाची घडण मोसमी वारे करतात. नैर्ऋत्य मोसमी काळात खोलवरचे थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी भूखंडमंचावर चढते आणि वरच्या गोड्या पाण्याच्या झाकणाखाली अडकते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कार्ल बान्से यांनी कोचीनजवळ केलेल्या पाहणीत हे पाणी आणि तळाच्या माशांचे दूर जाणे यांचा संबंध नोंदला होता. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये आज गोव्यात असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, आणि तिथल्या नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की या भूखंडमंचावर ऑक्सिजनची टंचाई तीव्र होते आणि तिच्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होतो. ही टंचाई सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास टोकाला जाते. फेब्रुवारी आणि मे महिन्यांत कितीही काटेकोर मोजले तरी ती दिसणार नाही. शिवाय ती जुळून येते त्या जून ते ऑगस्टच्या काळात समुद्र इतका खवळलेला असतो, की लहान जहाजांना काम करणे अशक्य होते. उत्तर अटलांटिकमधल्या हिवाळ्याचीही हीच स्थिती आहे. त्यामुळे जुन्या नोंदी शांत महिन्यांकडे झुकलेल्या असतात, आणि नवी फेरी आखताना हा झुकाव ओळखणे हे पहिले काम ठरते.

साधने बदलली तेव्हाही मालिकेला धोका होता. नानसेन बाटली (ठरलेल्या खोलीवरचे पाणी पकडणारी) आणि तिथले तापमान टिपणारा उलटणारा तापमापक यांनी ठरावीक खोल्यांवरचे आकडे मिळत. १९६० आणि ७० च्या दशकांत आलेल्या सीटीडी उपकरणाने (पाण्याची वाहकता, तापमान व खोली मोजणाऱ्या) पृष्ठभागापासून तळापर्यंतचा अखंड आलेख मिळू लागला. जाळ्यांच्या बाबतीत छिद्राचा आकार बदलला की पकडले जाणारे जीवच बदलतात. म्हणून ६१ सेंटिमीटर व्यासाचे आणि ३३३ मायक्रॉन छिद्रांचे जोडजाळे, ज्याला त्याच्या आकारावरून ‘बोंगो’ म्हणतात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्लवक पाहणीत दशकानुदशके तसेच ठेवले आहे. उपकरण बदलायचेच असेल तर जुने आणि नवे काही फेऱ्या शेजारी शेजारी चालवावे लागतात, आणि त्यासाठी लागणारा वेळ आराखड्यात आधीच धरावा लागतो.

परवानग्यांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या संयुक्त राष्ट्रे करारानुसार दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, संशोधन करायचे असल्यास त्या देशाची संमती लागते, किमान सहा महिने आधी तपशील द्यावा लागतो आणि किनारी देशाच्या वैज्ञानिकांना सहभागाचा हक्क असतो. परिणामी फेरीचे नियोजन ती निघण्याच्या वर्षभर आधी सुरू होते.

उपग्रहांमुळे पृष्ठभागाचे तापमान व रंग रोज कळतात, पण भूखंडमंचाच्या तळाजवळचा ऑक्सिजन त्यांना दिसत नाही. दोन हजार मीटरपर्यंत बुडून वर येणारे आर्गो प्लव, म्हणजे आपोआप मोजणी करणारी तरंगती उपकरणे, खोल समुद्रासाठी बनवलेली आहेत. जहाज लागतेच, आणि जहाजाचे दिवस मोजके असतात. दहा नॉट वेगाने बाराशे सागरी मैल कापायला १२० तास लागतात. शंभर स्थानकांवर प्रत्येकी एक तास धरला तर आणखी शंभर. म्हणजे नऊ दिवस झाले, आणि वादळासाठी अजून काहीच राखलेले नाही. हे सारे दोन आठवड्यांपलीकडे ताणले तर वसंतातला प्लवकांचा बहर फेरी चालू असतानाच येऊन ओसरतो, आणि पेटर्सन यांची जुनी अडचण परत उभी राहते. म्हणून कोणती स्थानके आधी सोडायची याचा क्रम किनारा सोडण्यापूर्वीच लिहून ठेवतात. त्यात नव्याने जोडलेली स्थानके प्रथम वगळली जातात आणि सर्वांत जुनी रेषा शेवटपर्यंत राखली जाते. वगळलेल्या प्रत्येक स्थानकापुढे नोंदवहीत तारीख, वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची लिहिली जाते, जेणेकरून पन्नास वर्षांनी ते पान उघडणाऱ्याला तिथली रिकामी जागा कशामुळे राहिली ते समजावे.