अंडकोषाच्या टीबीची शंका: सोनोग्राफी, निक्षय नोंदणी आणि लागणारी कागदपत्रं

अंडकोषातली सूज किंवा गाठ हळूहळू वाढतेय, फारशी दुखत नाही, अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी उतरत नाही. अशा वेळी टीबीची शंका घ्यावी. आधी फुप्फुसाचा किंवा किडनीचा टीबी होऊन गेला असेल, तर लाज सोडून लगेच दाखवा.

आधी जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत केल्या आहेत. तो निर्णय छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय) यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी नव्हता, म्हणून तिकडे जाताना थोडे पैसे जवळ असू द्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट, एक्स-रे घ्या. सोनोग्राफीच्या दारावरची गर्भलिंग निदानाची पाटी वाचून पुरुष बिचकतात. तिथला एफ फॉर्म गरोदर बायांसाठी असतो, तुमच्यासाठी नाही.

अंडकोषाच्या सोनोग्राफीला उपाशी राहावं लागत नाही. किडनी आणि मूत्राशयही बघायचं असेल, तर मात्र लघवी तुंबवून जावं लागतं. हा टीबी बहुधा वृषणामागच्या (अंडकोषातल्या गोटीमागच्या) शुक्रनलिकेच्या गुंडाळीत, तीही खालच्या टोकाला, सुरू होतो. तो भाग पडद्यावर फुगलेला, काळपट आणि ओबडधोबड दिसतो. कधी आत चुन्याचे कण, भोवती पाणी. साध्या जंतुसंसर्गात डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह भरपूर वाढलेला दिसतो, टीबीत तो बहुधा तितका नसतो. पण गाठ वृषणाच्या आतच असेल, तर कॅन्सर आहे का हे आधी पाहावं लागतं, आणि तोवर तिथे सुई घालू देऊ नये. म्हणजे सोनोग्राफीने शंका बळावते, शिक्कामोर्तब होत नाही. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणारी) तपासणी, गरजेप्रमाणे गाठीतला नमुना. लघवीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच, असंही नसतं.

निदान झालं की निक्षय या सरकारच्या टीबी रुग्णांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद होते. खासगी डॉक्टरांनाही ती बंधनकारक आहे. आधार, बँक पासबुकची झेरॉक्स आणि मोबाइल नंबर द्या. गोळ्या मोफत, साधारण ६ महिने. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात येतात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि फुप्फुसाबाहेरचा टीबीही चालतो. पैसे अडकतात ते बहुतेक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे, तेव्हा बँकेत आधी तेवढं बघा.

ऊसतोडीला जाणार असाल तर उचल घेण्याआधीच टीबी युनिटला (तालुक्याच्या सरकारी टीबी केंद्राला) सांगा. निक्षय आयडी दाखवून कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या मिळतात. चौकशीसाठी १८००-११-६६६६, फोन मोफत.