शेलमधली अक्षरांची रेंज आणि लोकेल

शेलमध्ये, म्हणजे टाईप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामात, फायलींची नावं निवडायला चौकोनी कंसात दोन अक्षरं आणि मधे डॅश टाकला की त्याला रेंज म्हणतात. स्मॉल ए डॅश स्मॉल झेड लिहिलं की त्यांच्या मधलं कुठलंबी एक अक्षर चालतं. आता मधलं म्हणजे नेमकं कुठलं, हे लोकेलच्या (भाषा आणि प्रदेशाच्या) सेटिंगवर असतं आणि घोळ होतो तो इथंच.

सी लोकेलमध्ये, म्हणजे कुठल्याच भाषेचे नियम न लावणाऱ्या मूळ लोकेलमध्ये, हिशोब आस्कीच्या (इंग्रजी अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीच्या) नंबरांचा, कॅपिटल अक्षरं ६५ ते ९० आणि स्मॉल ९७ ते १२२, त्यामुळं मिसळामिसळ होत नाही. पण बऱ्याच लोकेलमध्ये डिक्शनरीसारखी ऑर्डर असते, स्मॉल ए, कॅपिटल ए, स्मॉल बी, कॅपिटल बी अशी, मग स्मॉलच्या रेंजमध्ये कॅपिटल बी, सी, डी पण घुसतात, आणि फायली डिलीट करायच्या कमांडला अशी रेंज दिली असेल तर नको त्या फायली जातात. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामायिक नियमांच्या) २००८ च्या आवृत्तीनं पॉझिक्स लोकेलच्या, म्हणजे सी लोकेलच्याच, बाहेर रेंजचा अर्थ ठरवूनच दिलेला नाही, म्हणून प्रत्येक शेल आपापल्या पद्धतीनं चालतो.

बॅश या शेलमध्ये रेंजला सी लोकेलसारखी ऑर्डर लावायला ४.३ पासून ग्लोबआस्कीरेंजेस नावाचा ऑप्शन आला आणि ५.० पासून तो आधीच चालू असतो. तरीपण रेग्युलर एक्सप्रेशनच्या (मजकूर जुळवायच्या नमुन्याच्या) तुलनेला तो लागू होत नाही, ते काम सी लायब्ररी (सिस्टिममधलं मूळ फंक्शनांचं भांडार) करते.

लोकेल कुठलं धरायचं याचा क्रम पाठच करून ठेवावा. ही सगळी शेलच्या सेटिंगची व्हेरिएबल: एलसी_ऑल सगळ्यांच्या वर, ते नसेल तर एलसी_कोलेट, आणि तेबी नसेल तर लँग. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चाललेल्या स्क्रिप्टला बऱ्याचदा यातलं काहीच मिळत नाही, मग तिथं सी लोकेल लागतं आणि टर्मिनलवर बरोबर चाललेली स्क्रिप्ट रात्री वेगळंच करून बसते.

मराठी नावांच्या फायली असल्या की खरी परीक्षा. समजा एका फोल्डरमध्ये मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या नावानं आठ फायली आहेत आणि आपण [क-न]* (क ते न मधल्या अक्षरानं सुरू होणारी नावं) लिहिलं, तर छत्रपती संभाजीनगर, जालना, धाराशिव, नांदेड ही चारच यायला पाहिजेत. पण सी लोकेलमध्ये बॅश अक्षर बघत नाही, बाइट बघतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं आणि पहिला बाइट सगळ्यांचा २२४ च, तो कंसातपण येतो, म्हणून परभणी, बीड, लातूर, हिंगोली धरून आठीच्या आठी फायली निघतात! इंग्रजी रेंजला सी लोकेल लई भरवशाचं, पण मराठीला अजिबात नाही.

म्हणून इंग्रजीसाठी रेंजऐवजी लोअर, अप्पर, डिजिट हे कॅरेक्टर क्लास (स्मॉल अक्षरं, कॅपिटल अक्षरं, आकडे असे तयार गट) वापरावेत (ते एलसी_सीटाइप या व्हेरिएबलवर चालतात), आणि मराठीसाठी सी डॉट यूटीएफ-८ लोकेल बरं पडतं, ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) ते २.३५ पासून आहे आणि त्यात ऑर्डर युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या) नंबरांची असते. फक्त ती आपल्या वर्णमालेची ऑर्डर नाही हे ध्यानात ठेवा. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो, आपण मात्र तो ह नंतर म्हणतो. त्यामुळं *[ल-ह] (ल ते ह मधल्या अक्षरानं संपणारी नावं) लिहिलं तर सी डॉट यूटीएफ-८ मध्ये वेरूळ नावाची फाईल सापडते, आणि जिथं मराठी वर्णमालेची ऑर्डर लागू असेल तिथं ती सुटते.