आनुवंशिक बहिष्कार

रक्तातून पुढच्या पिढीत जाणाऱ्या किंवा तशा समजल्या जाणाऱ्या वेगळेपणापायी एखाद्या माणसाला, आणि पुष्कळदा त्याच्या अख्ख्या घराण्याला, समाजाने दूर ठेवणे म्हणजे आनुवंशिक बहिष्कार. जातपंचायत वाळीत टाकते तसा तो जाहीर होत नाही. हळदीकुंकू, बारसे, सणवार सगळे चालू राहते, फक्त सोयरीक जुळायची थांबते. ‘त्यांच्या घराण्यात काहीतरी आहे म्हणे’ एवढे वाक्य त्याला पुरते.

विवाहात टाळावयाच्या दहा कुळांची यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मूळव्याध, क्षय, अपस्मार, कोड, कुष्ठ यांच्याबरोबर अंगावर दाट केस असणारी कुळेही तिच्यात येतात. क्षय व कुष्ठ जंतूंमुळे होतात, तेव्हा ही यादी किळस आणि भीती यांचीच म्हणावी लागते. त्याच ग्रंथाने जन्मांध, बहिरे व मुके यांना वारसाहक्क नाकारला. धृतराष्ट्राचे डावलले गेलेले राज्य याच समजुतीतले. 1928 च्या कायद्याने जन्मजात वेड व मतिमंदत्व वगळता ही अपात्रता दूर झाली. उरलेली 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने गेली.

दोष बहुधा आईच्या माथी येतो. ओठ फाटलेले मूल जन्मले की गरोदरपणी ग्रहणात तिने विळीला हात लावला असणार, असे ठरवून मोकळे होतात. सिकल सेल किंवा थॅलेसेमिया मेजर हे रक्ताचे आनुवंशिक आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. दोघेही वाहक, म्हणजे असे एकच सदोष जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 25 टक्के असते. तरी माहेर तपासले जाते ते सुनेचे.

युरोप-अमेरिकेत या बहिष्काराला शास्त्राचा मुलामा मिळाला. निवडक लोकांच्याच संततीने वंश सुधारण्याच्या कल्पनेला फ्रान्सिस गाल्टनने 1883 मध्ये ‘सुप्रजनन’ (युजेनिक्स) हे नाव दिले, 1907 मध्ये अमेरिकेतील इंडियानाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, आणि 1933 च्या जर्मन कायद्याखाली सुमारे 4 लाख लोकांची नसबंदी झाली. त्यांत जन्मतः बहिरे आणि अपस्माराचे रुग्णही होते.

इंदूरच्या मराठी वस्तीला हा विषय दोन बाजूंनी भिडतो. पश्चिमेकडील झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल-भिलाला समाजात सिकल सेल आढळतो आणि शहरातील सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आहेत. त्यामुळे एक ‘आदिवासींचा आजार’ आणि दुसरा ‘सिंध्यांचा आजार’ अशी नावे पडली. आपल्याकडे असले काही नसते, हा विश्वास मात्र फुकाचा आहे. विदर्भातील अनेक मराठी जातींत सिकल सेलचे जनुक आहे आणि तिथून इंदुरात आलेली कुटुंबे कमी नाहीत. शिवाय काही मराठी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, जे माळव्यातील हिंदी शेजाऱ्यांना बहीण-भावाचे लग्न वाटते. एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. सगोत्र टाळले म्हणून ती टळत नाही, कारण गोत्र फक्त बापाकडून मोजले जाते.

मध्य प्रदेशात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी 15 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू झालेली मोहीम प्रथम झाबुआ व अलीराजपूर येथे राबवली गेली. पुढे 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्डे मिळतात. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, पण कार्ड हाती आले की गावाच्या लेखी तो आजारी ठरण्याची भीती असते.

ही भीती पोकळ नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस भागात सिकल सेल वाहकांना शोधून, आपसांत लग्न करू नका, असा सल्ला देण्यात आला. लोकांनी वाहकांशी सोयरीकच टाळायला सुरुवात केली, मग वाहक निकाल लपवू लागले आणि सल्ला वाया गेला. अमेरिकेत 1970 च्या दशकात निरोगी वाहकांना नोकरी व विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना 1981 पर्यंत बंद होते.

सायप्रसने वेगळी वाट धरली. तेथील चर्चने 1983 पासून थॅलेसेमियाची चाचणी झाल्याचा दाखला लग्नासाठी आवश्यक केला. दाखल्यावर निकाल नसतो, तो फक्त त्या जोडप्याला कळतो. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न मोडत नाहीत. गर्भाची तपासणी करून घेतात.

आपल्या स्थळाच्या कागदावर रास, नक्षत्र, गण, नाड आणि हल्ली रक्तगटही असतो. एकनाड म्हणजे एकच रक्तगट, असा खुलासा सुशिक्षितांकडूनही ऐकू येतो. नाड नक्षत्रावरून निघते, तिचा रक्ताशी संबंध नाही. आणि नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्यात काही धोकाही नाही. थॅलेसेमियाचा वाहक ओळखणाऱ्या हिमोग्लोबिन ए-2 च्या चाचणीचा रकाना मात्र त्या कागदावर सहसा नसतो. सायप्रसचा अनुभव पाहता तो तिथे नसलेलाच बरा. ती चाचणी मुला-मुलीने परस्पर करून घ्यावी.